येवल्याची गाडी

देवरेकाकांच्या घरी टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवलेला असतो. टीव्ही चालतो तो काकांच्या मोबाईलवरून. चॅनल, आवाज, सगळं तिथूनच. काकू बिचाऱ्या शेजारी बसून फक्त बघायचं काम करतात.

इंदिरानगरात आमची नि त्यांची भिंत एकच. काका एसटीत कंट्रोलर होते. जन्मभर स्टँडच्या खिडकीत बसून गाड्या लावल्या, गाड्या सोडल्या. निवृत्त झाले म्हणून खोड जाते थोडीच? बातम्या सुरू झाल्या की "गाडी फलाटाला लागली." जाहिराती आल्या की "चहापाण्याला थांबली." काकूंनी चॅनल बदलायला सांगितलं तर "वेळापत्रकाप्रमाणे होईल," हे ठरलेलं उत्तर.

आमचा नवा टीव्ही त्यांनीच हौसेनं मोबाईलला जोडून दिला. कोणाच्या मोबाईलला, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. मग आईचं कीर्तन मध्येच आपोआप कबड्डीवर जायला लागलं. आईनं टीव्हीपुढे उदबत्ती लावली. मी काकांकडे गेलो, तर ते मोबाईलवर बोट आपटत चिडून म्हणत होते, "ही गाडी जागची हलत नाही रे." गाडी आमच्या हॉलमध्ये धावत होती.

मालिकांना काका 'रिकाम्या फेऱ्या' म्हणतात. तरी रोज सात वाजता सासू-सुनेची मालिका न चुकता लावतात. याचं मला नवल वाटायचं.

परवा संध्याकाळी दिंडोरीहून आलेली द्राक्षं द्यायला गेलो. मालिका सुरू होती, पण काकांचे डोळे मोबाईलवर.

"येवल्याची गाडी अजून लागली नाही," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता.

काकूंनी मला हळूच सांगितलं. येवल्याला काकांची थोरली बहीण आक्का एकटी राहते. आई लवकर गेली, तेव्हा पैठण्या विणून तिनंच काकांना वाढवलं, शिकवलं. आता तब्येत विचारायला फोन केला की म्हणते, "जित्ती हाये मी, ठेव." म्हणून काकांनी तिला टीव्ही घेऊन दिला आणि आपल्या मोबाईलला जोडून ठेवला. सातच्या मालिकेला तिनं टीव्ही लावला, की इथे कळतं. आज तो लागला नव्हता आणि आक्का फोनही उचलत नव्हती.

काका उठले. शर्ट चढवला, चपला घातल्या. स्टँडवर जातो, मिळेल ती गाडी पकडतो, एवढंच बोलले. मी म्हणालो, थांबा, मी कार काढतो. तेवढ्यात मोबाईलवर हिरवा ठिपका उमटला.

काका चपलांसकट मटकन खाली बसले. पाठोपाठ आक्काचा फोन आला. लाईट गेली होती म्हणून ती शेजारी जाऊन बसली होती, फोन घरीच राहिला होता, आणि आता मालिका लागली आहे तेव्हा बडबड नको, असं सुनावून तिनं ठेवूनही दिला.

काकांनी मोबाईलवर आवाज वाढवला. समोरचा टीव्ही होता तसाच बोलत राहिला. मी त्यांच्याकडे बघितलं.

"तिला ऐकू कमी येतं, पण कबूल करत नाही," ते म्हणाले. "गल्लीत सांगते, भावानं दिलेला टीव्ही लय गुणाचा. मालिका लागली की आपणहून मोठ्यानं बोलतो."

मीही तिथेच टेकलो. काकांनी मोबाईल उपडा ठेवला आणि मालिका बघायला लागले. सुनेनं सासूला काहीतरी चोख उत्तर दिलं, तसे ते खुदकन हसले.

"आत्ता आक्का पण हसली असेल," ते म्हणाले.