तिसऱ्याले नमस्कार

आमचे शेजारी वासुदेवराव ढोके फोन उचलला की हॅलो म्हणत नाहीत. आधी घसा खाकरतात, फोन तोंडासमोर सरळ धरतात आणि म्हणतात, "पयले तिसऱ्याले नमस्कार. जो कोनी ऐकून राह्यला असन, त्यानं बसून घ्यावं. हं, आता बोल."

पलीकडे बहुतेक वेळा त्यांचा पुण्याचा मुलगा असतो. तो वैतागतो. "बाबा, कोणी ऐकत नाही हो!"

"तुले कसं मालूम? ऐकनारा कधी सांगून ऐकते काय?"

लग्न होऊन हद्दीपलीकडच्या, हिंदी मुलखातल्या सौसरला आले तेव्हापासून मी हा नमस्कार ऐकत आले. आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत आणि एक बोरीचं झाड, एवढंच. मी इथल्या मिडल स्कूलमध्ये शिकवते, म्हणून काका मला मॅडम म्हणतात. ते स्वतः टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. नंबर फिरवला की आपोआप लागतो ही सोय यायच्या आधीचा काळ. कानाला हेडफोन लावून, समोरच्या बोर्डात हातानं पिना खोचून ते लोकांची बोलणी जुळवून द्यायचे. पुढं यंत्रं आली, काकांना बिलांच्या टेबलावर बसवलं, आणि तिथूनच ते रिटायर झाले.

बोर्ड गेला, पण काकांच्या बोलण्यातून गेला नाही. सरकार असो, कंपनी असो, विषय कुठलाही निघो, त्यांचा शेवट ठरलेला: "लाइन तुमची, बोर्ड त्यायचा." मी एकदा म्हटलं, काका, आता बोर्ड नसतो, सगळं हवेतून जातं. ते म्हणाले, "मंग त अजूनच वाईट. पयले बोर्ड कोन्या खोलीत हाये ते तरी मालूम होतं."

मुलानं पाठवलेला स्मार्टफोन ते स्टीलच्या डब्यात ठेवतात. वाजला तर ऐकू यावा म्हणून झाकण अर्धवट, पण जेवताना आणि देवपूजेच्या वेळी घट्ट. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यावर लाल टिकली चिकटवलेली आहे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं टिकल्यांचं एक पाकीट उरलं होतं, ते या कामी आलं. टिकली सुटली की काका नवी लावतात.

मोहगावला त्यांच्या धाकट्या भावाची संत्र्याची बाग आहे. एके वर्षी झाडांना डिंक्या रोग लागला, खोडांतून डिंक गळू लागला. दोघे भाऊ फोनवर त्याबद्दल बोलले आणि संध्याकाळी काकांच्या फोनवर डिंक्याच्या औषधाची जाहिरात आली. काका फोन विंचू पकडल्यासारखा लांब धरून आमच्या अंगणात आले. "पाहा मॅडम! ज्याले सांगतलं तो अजून गप हाये, अन् ज्याले नाही सांगतलं तो औषध घेऊन हजर!"

तेव्हापासून भावाशी सांकेतिक भाषेत बोलणं सुरू झालं. झाडं म्हणजे पाहुणे आणि डिंक्या म्हणजे सर्दी. एका दुपारी माझ्या सासूबाई अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला, "पाहुन्यायची सर्दी कशी हाये? ... दोन गेले? मंग ठेवतो कायले, जाळून टाक आजच. नाही त बाकीच्यायले लागन." सासूबाईंच्या हातातलं सूप पालथं झालं. त्या मोहगावच्या सुतकाची चौकशी करायला निघाल्याच होत्या. मी अडवून सगळा खुलासा केला तेव्हा खाली बसल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्या काकांकडे जरा बिचकूनच पाहायच्या.

मग आमच्या गल्लीच्या तोंडाशी खांबावर कॅमेरा लागला. दुसरा कोणी असता तर मान खाली घालून निघून गेला असता. काका खांबाखाली थांबायचे, टोपी काढायचे आणि वर पाहून सांगायचे, "तिसऱ्याले नमस्कार. दळन आनाले चाललो. गहू. पाच किलो. अर्ध्या घंट्यात वापस." परतताना पुन्हा थांबून, "आलो." मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, "त्यायले पाहाचंच हाये, तर बराबर माहिती भेटली पाह्यजे. अंदाजानं काहीबाही कायले लिहितीन?"

हे सगळं हसण्यावारी न्यायचे दिवस होते. पण एकदा मी त्यांना वेगळंही पाहिलं.

कुठल्याशा गडबडीमुळं दोन दिवस इंटरनेट बंद ठेवलं होतं. मुलांचे मार्क भरायचे राहिले म्हणून मी एका कचेरीत खेटे घालत होते. तिथं पाहते तर काका रांगेत उभे, हातात स्वतःच्या वळणदार अक्षरातलं आवेदन. त्यांना नेटचा काडीचा उपयोग नव्हता. बंद झालं ते त्यांना बरंच वाटलं असेल असं मी धरून चालले होते. नंबर आला तसे ते बाबूला म्हणाले, "ऐकाचं त ऐका, साहब. पन तोडू नका. म्या वीस वर्षं बोर्डावर काढले. कोनाची लाइन बोलता बोलता तोडली नाही. कोनाची माय दवाखान्यात असते, कोनाची पोरगी रडून राह्यली असते. सगळ्यायची एका झटक्यात तोडाचा हक तुमाले कोनी देल्ला?"

बाबूनं कागद पाहिला आणि सवयीनं म्हणाला, "दादाजी, ये शिकायत तो ऑनलाइन डालनी पड़ेगी."

"ऑनलाइन त तुमीच बंद करून बसले ना!"

सगळी कचेरी हसली. बाबूही हसला, आणि त्यानं आवेदनावर शिक्का मारून दिला. काका हसले नाहीत. मी ते पाहिलं, आणि घरी येऊन विसरले.

आता पुढचं सांगायला मला जड जातं.

एका सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली काका खांबापाशी थांबले, टोपी काढली. माझ्या हातात फोन होता. मी त्यांचा नमस्कार, दळण, गहू, पाच किलो, सगळं वरून टिपलं आणि आम्हा बहिणींच्या ग्रुपवर टाकलं. पाचजणींचा ग्रुप. 'आमचे काका बघा' एवढंच लिहिलं होतं. पाचहीजणी हसल्या. एकीनं तो व्हिडिओ नवऱ्याला दाखवला, नवऱ्यानं पुढं पाठवला. आठवड्याभरात तो आमच्या शाळेतल्या शिपायाच्या फोनवर होता. कुणीतरी त्याला ढोलकी जोडली होती, आणि काका टोपी काढायचे तिथं ती काढ-घाल तीन-तीनदा होत होती.

गल्लीतले पोट्टे काका दिसले की ओरडू लागले, "तिसऱ्याले नमस्कार! गहू! पाच किलो!" पांढुर्ण्याच्या बाजारात अनोळखी माणसं त्यांना थांबवू लागली. एका शनिवारी ते जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला गेले होते. डोळे मिटून हात जोडले, उघडून पाहतात तर दोन्ही बाजूंना दोन तरुण तोंडं चिकटवून फोटो काढताहेत. त्यानंतर काकांनी शनिवारचं जाणं सोडलं. चक्कीला मागच्या बोळातून जाऊ लागले, खांब टाळून.

मी माझ्याकडचा व्हिडिओ पुसला. बहिणींना पुसायला लावला. जिथं जिथं दिसला तिथं विनवण्या केल्या. एक परका मुलगा म्हणाला, "मॅडम, एवढं भारी आहे, काढता कशाला?"

आणि एका दुपारी भिंतीपलीकडं फोन वाजला. मी हातातलं काम थांबवून कान दिला. काका नुसतं म्हणाले, "हं. बोल."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, तळल्या, ताटली घेऊन त्यांच्याकडं गेले. काका अंगणात बाजेवर बसले होते. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, पण तोंडातून एवढंच निघालं, "काका, तो व्हिडिओ..."

"तुमच्या हिरव्या लुगड्याचा काठ दिसते त्यात," काका म्हणाले. "दोरीवरचा. म्या पयल्याच दिवशी पाह्यला."

इतके दिवस त्यांना ठाऊक होतं, आणि इतके दिवस ते रोज मला विचारत होते, मॅडम, शाळा सुटली काय, चहा झाला काय. मला रडू आलं. मी म्हटलं, "गंमत म्हणून केलं हो. दुसरं काही मनात नव्हतं."

"नसतेच," काका म्हणाले. "बसा." त्यांनी ताटली बाजेवर ठेवून घेतली. "मले लोक इचारतात, तिसरा ऐकते हे तुले कसं मालूम. मले नाही मालूम असनार त कोनाले? मीच होतो ना तिसरा."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या मुलालाही माहीत नसावं. काका पांढुर्ण्याच्या एक्सचेंजला असताना तिथं एक मुलगी होती, नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागलेली. दर रविवारी अकरा वाजता दूरच्या गावी एका मुलाला ट्रंककॉल लावायची. नियमानं तीन मिनिटं. काका त्यांना पाच करू द्यायचे. लाइन जुळली की ऑपरेटरनं कानावरून हेडफोन काढायचा असतो. काका काढायचे नाहीत.

"वाईट काही बोलत नव्हते हो. ती दर खेपेले एकच इचारे, आज काय भाजी केली होती? अन् तो सांगे. बस. मले ते ऐकाले गोड वाटे. आमच्या घरी असं कोनी कोनाले इचारत नव्हतं."

एका संध्याकाळी पानठेल्यावर मित्रांच्या घोळक्यात काकांनी तिचं नाव घेऊन तिची नक्कल केली. 'आज काय भाजी?' सगळे हसले. आठ दिवसांत तिच्या रस्त्यावर पोरं ते ओरडू लागली. मग बापाच्या कानावर गेलं. तिची नोकरी सुटली, महिन्याभरात लांबच्या स्थळी लग्न लागलं.

"मले कसं समजलं? रविवार आला, अकरा वाजले, अन् ती लाइन आलीच नाही. मी हेडफोन घालून बसलो होतो. त्याच्यानंतरचे किती रविवार बसलो." काकांनी चष्मा काढून धोतरानं पुसला. "तिले म्या कधी पाह्यलं नाही. फकत आवाज."

मग ते म्हणाले, "तुमच्या फोनात नाव टाकलं त मानूस भेटते म्हनतात."

त्यांनी तिचं नाव सांगितलं, सासरचं आडनावही. ते त्यांनी कधी, कुठून मिळवलं होतं कुणास ठाऊक. ते नाव मी इथं लिहिणार नाही. मी ते फोनात टाकलं आणि ती सापडली. कुठल्याशा शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्याचा समारंभ. पांढरे केस, गळ्यात हार, शेजारी नातवंडं. म्हणजे तिनं नंतर पुन्हा शिकवलं होतं. मी ते काकांना सांगितलं आणि फोन त्यांच्यापुढं धरला.

काकांनी तोंड बोरीच्या झाडाकडं वळवलं होतं. "मले नका दाखवू. हसून राह्यली काय, तेवढं सांगा."

"हो काका. छान हसताहेत."

त्यांनी मान हलवली. फोटोखाली तिच्या भाषणाचा व्हिडिओही होता. "काका, यात बोलताहेत त्या. आवाज आहे. लावू?"

काकांच्या हाताची बोटं बाजेच्या दोरीत अडकल्यासारखी थांबली.

"नको, पोरी," ते म्हणाले. "तिनं मले कुठी म्हनलं, ऐक म्हनून?"

मग हळूच म्हणाले, "तिचं नाव पुसून टाक तिथून."

मी एकेक अक्षर पुसलं. असं पुसलेलं पुसलं जात नाही, कुठंतरी ते राहतंच, हे मला ठाऊक होतं. काकांना तर माझ्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

तरी त्यांनी विचारलं, "पुसलं ना?"

मी म्हटलं, "हो काका. पुसलं."