गलबत साहेबांचा बाप

वंशावळ काढण्यात शहापूर तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, हे मी अगदी नम्रपणे सांगतो. मुरबाडच्या एका वतनदाराची काढली, तर ती एवढी लांबली की कागदाला कागद डकवत ओसरीवरून अंगणात उतरली. म्हणून १९३८ साली गॅल्ब्रेथ साहेबांनी मला बोलावलं, तेव्हा मी बायकोला, चंद्रकलेला, म्हणालो, "माणसाला बाप असतो, बापाला बाप असतो. स्कॉटलंडात काय वेगळं असणार?"

गॅल्ब्रेथ साहेब कसाऱ्याच्या घाटात रेल्वेची नोकरी करून निवृत्त झालेले. लग्न केलं नव्हतं. आग्रा रोडलगतच्या बंगल्यात एकटेच राहत. गाव त्यांना गलबत साहेब म्हणे. उन्हाळ्यात ते कायमचे मायदेशी जाणार होते आणि तिथल्या चर्चमध्ये लावायला त्यांना घराण्याची वंशावळ माझ्या वळणदार अक्षरात हवी होती.

तिकडच्या जुन्या नोंदींच्या नकला त्यांनी मागवल्या होत्या. अलीकडच्या नोंदी चोख होत्या. पणजोबांपासून मागे मात्र सगळं मोघम. 'वॉल्टर गॅल्ब्रेथ आणि जेनेट यांचं लग्न लागलं.' बस्स. कोण कुणाचा, कोण कुणाची, पत्ता नाही.

"त्या काळी आईबापांची नावं लिहीतच नसत," साहेब म्हणाले. "चाळीस वर्षं मी इथेच अडून बसलोय."

मी मान हलवली, पण मनात पाल चुकचुकली. बापाचं नाव कोणी उगीच गाळतं का? त्यात साहेबांचं पूर्ण नाव रॉबर्ट मोइर गॅल्ब्रेथ. मधलं नाव मोइर, म्हणजे वडील मोइर. आणि नोंदीत वडिलांचं नाव होतं जॉन! मी घाईघाईनं कागद पालथा घातला.

घरी येऊन मी चंद्रकलेला हळूच म्हणालो, "कुणाला सांगू नकोस. साहेबांच्या बापाचा काहीतरी घोळ आहे. पणजोबाचाही असावा."

"मी कशाला सांगू?" ती म्हणाली, आणि फक्त शेजारच्या रखमीला सांगितलं. रखमी फक्त विहिरीवर बोलली. बाजाराच्या दिवसापर्यंत साहेब तान्हेपणी पाटीत घालून चर्चच्या पायरीवर ठेवलेले सापडले होते.

साहेबांचा स्वयंपाकी कोंडू शाळेत माझ्याकडे आला. "मास्तर, पोरीची सोयरीक टोकावड्याला जमतेय. याही इचारतो, तू कुनाच्या घरी रांधतोस? काय सांगू?"

"साहेब मोठ्या घरचे आहेत म्हणून सांग."

"मोठ्या घरचे, पन कुनाचे?"

मी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी मी बंगल्यावर साहेबांसमोर वंशावळीत शाई भरत बसलो होतो, तोच दूध घालणारी धोंडूबाई आली. साठीची विधवा, मूलबाळ नाही. तांब्या पायरीवर ठेवून ती पदरानं डोळे पुसत बसली.

"मास्तर, सायबाला सांगा. बाप नाय म्हनून मन खट्टू करू नको. आमच्या मालकांचं नाव लाव. आमाला पोर नाय, त्यांचं नाव बुडतं. तुला बाप नाय. दोघांचंबी भागंल."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणते?"

"गाय आटली म्हणते."

"त्यासाठी रडते?"

"फार जीव आहे गायीवर."

साहेबांचं मराठी बेताचंच, पण घाटात तीस वर्षं माणसं राबवलेली. 'बाप' हा शब्द त्यांनी शिव्यांमधून पक्का शिकला होता. "ती बाप म्हणाली. कुणाचा बाप?"

इलाज नव्हता. "ती तिच्या दिवंगत नवऱ्याचं नाव आपल्याला देऊ करते. वडील म्हणून."

साहेब तिच्याहून पाच वर्षांनी मोठे असतील. त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "नाव काय त्यांचं?"

मी विचारलं. धोंडूबाईनं मान खाली घातली. नवऱ्याचं नाव घेणार कशी? "काळा नाय, गोरा नाय, मधला रंग. त्याच्याफुडं राम."

"सावळाराम," मी म्हणालो.

साहेबांनी हातातला चष्मा टेबलावर ठेवला. "आणि मला बाप नाही, हे तिला कुणी सांगितलं?"

एवढं अवघड भाषांतर माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. धोंडूबाई सरळ म्हणाली, "तुमच्याच घरनं आलं की."

"बाजारात ऐकलं म्हणते," मी साहेबांना सांगितलं.

पण बोलताना तिनं बोट माझ्याकडे केलं होतं, आणि बोटाला दुभाषी लागत नाही.

मी सगळं सांगून टाकलं. मोइर, जॉन, रखमी, विहीर. साहेबांचे कान लाल झाले. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

"मोइर हे माझ्या आईचं माहेरचं आडनाव," ते तिकडे तोंड करूनच म्हणाले. "आमच्यात मुलाच्या नावात आईचं घराणं ठेवतात. माझे वडील जॉन. कागदावरही जॉन आणि घरातही जॉन."

धरणी दुभंगती तर मी आनंदानं आत गेलो असतो.

"आता तिला सांगा," साहेब वळून म्हणाले, "आणि या वेळी नीट सांगा. मला वडील आहेत, त्यांचं नाव मला सोडता येणार नाही. पण असं काही आजवर मला कुणी देऊ केलं नव्हतं."

मी शब्दाला शब्द सांगितलं.

"हाय ना बाप? मग बरं झालं," धोंडूबाई डोळे पुसत म्हणाली. "नाव नको तर नको. दूध तेवढं येळेवर पी म्हनावं. नासवून टाकतो."

साहेबांनी तिला हात जोडले. मग मला विचारलं, "मास्तर, तुमच्या वडिलांच्या आईचं माहेर कुठलं?"

मी तोंड उघडलं. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा धडाधड रांगेत उभे राहिले. आजीच्या जागी कोणीच येईना. ती माझ्या जन्माआधी गेलेली, घरात तिला नुसतं 'बाई' म्हणत.

"ठाऊक नाही," मी पुटपुटलो.

"तिचं नाव?"

मी शाईच्या दौतीला बूच लावू लागलो.

"काय इचारतो सायेब?" धोंडूबाईनं विचारलं.

नुकताच चटका बसलेला, म्हणून मी इमानानं खरं भाषांतर केलं. तिथेच चुकलो. तिनं माझ्याकडे कळवळून पाहिलं, "अरेरे" म्हणाली आणि तांब्या उचलून गेली.

संध्याकाळी घरी पोचलो, तर चंद्रकला दारातच उभी. "अहो, बायका म्हणताहेत, मामंजींना आईच नव्हती. खरं का?"

"काहीतरीच काय? आई सगळ्यांना असते."

"मग त्यांचं नाव काय? मी सांगते ना सगळ्यांना."

मी पाय धुवायला मागल्या दारी गेलो. बराच वेळ धूत होतो.