तापणारी मोटार

अण्णा गिरदावर मोटारीत बसण्याआधी चपला काढत. देवळात शिरताना काढतात तशा, जोडीनं नीट लावून. मग त्या फडक्यात गुंडाळून सीटखाली ठेवत आणि अनवाणी पायांनी मोटार चालवत. बाकीच्यांनीही काढाव्यात असा त्यांचा आग्रह नव्हता. पण मालकच अनवाणी बसलेला पाहिल्यावर चपलेसकट पाय आत टाकायची कुणाची हिंमत होत नसे. एकदा आमच्या शाळेचे चिटणीस घाईघाईत आपले जोडे गल्लीतच सोडून गेले आणि औरंगाबादला मोठ्या साहेबापुढे मोज्यांवर उभे राहिले. परत आल्यावर त्यांनी तक्रार केली, तेव्हा अण्णा म्हणाले, "साहेबानं अर्ज घेतला ना? मंग बारा आणे काम झालं."

हे आण्यांचं प्रकरण आधी सांगायला हवं. गिरदावर हे त्यांचं आडनाव नव्हे. निजामाच्या अमदानीत ते महसूल खात्यात गिरदावर होते. गावोगाव घोड्यावरून फिरायचं, उभी पिकं पाहायची आणि यंदा पीक किती आणे आलं ते ठरवायचं. भरपूर पीक म्हणजे सोळा आणे. त्यावर शेतसारा माफ व्हायचा किंवा व्हायचा नाही. पेन्शन घेतल्यावर मोजायला पिकं उरली नाहीत, म्हणून ते उरलेल्या जगाची आणेवारी करू लागले. आमच्या शाळेच्या संमेलनातलं स्वागतगीत नऊ आणे. गल्लीतल्या एका मुंजीचं जेवण तेरा आणे, "मीठ असतं तर चौदा." माझ्या भावाच्या मुलीसाठी, सुमनसाठी, बदनापूरचं स्थळ आलं तेव्हा मुलगा पाहायला मी अण्णांना घेऊन गेले. त्यांनी त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "साडेबारा आणे. पण जमीन चांगली हाय, पीक सुधरंल."

सोळा आणे मात्र त्यांनी माझ्यासमोर कशालाच दिले नव्हते.

मी त्यांच्या समोरच्या घरात राहत असे. मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून मला याद्या करायची सवय आहे. वाणसामानाची यादी, उसन्या दिलेल्या भांड्यांची यादी, राहिलेल्या कामांची यादी. गल्लीत कुणाचं लग्न निघालं की माझ्याकडे कागद आणि अण्णांकडे मोटार मागायला लोक येत.

मोटार काळी, बंद टपाची, चार दरवाज्यांची होती. एका जहागीरदाराचं सामान विकायला निघालं तेव्हा अण्णांनी ती घेतली. मागच्या सीटला जांभळी मखमल होती, आता तिचा रंग वांग्याच्या भाजीसारखा झाला होता. काचा फिरकीनं वरखाली होत आणि त्या चारही काचा अण्णा स्वतः रोज पुसत. लग्नानंतर मुलगी सासरी निघाली की ती याच मोटारीतून. अण्णा भाडं घेत नसत आणि चालवायला दुसऱ्या कुणाला देत नसत.

या मोटारीत एक मोठा दोष होता. ती तापायची. परतूरच्या रस्त्याला गेली तर वाटूरच्या अलीकडे, औरंगाबादच्या रस्त्याला गेली तर बदनापूरच्या अलीकडे; मुलीचं सासर समोर दिसायला लागलं की इंजिन गरम. मग अण्णा खाली उतरून बॉनेट उघडत. बॉनेटला आधार द्यायची दांडी कधीच हरवली होती, म्हणून नवरदेवाला आणि आणखी एखाद्या पाहुण्याला ते दोन्ही हातांनी वर धरून उभं राहावं लागे. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव भर उन्हात इंजिनात तोंड घालून उभा आहे, हे दृश्य आमच्या भागातल्या बऱ्याच वऱ्हाड्यांनी पाहिलं होतं. वरमाया त्यावरून बोलत. अण्णा दांडी करून घेत नसत. लोहाराचं दुकान दोन गल्ल्यांवर होतं.

आणि अशातच मोतीलालजींची जीप आली.

मोतीलालजी धान्याचे व्यापारी. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले, दुकान जुन्या जालन्यातच. लष्कराच्या डिस्पोजलमध्ये, म्हणजे जुन्या सामानाच्या विक्रीत, निघालेली एक जीप त्यांनी घेतली होती. जीप उत्तम होती, पण घरातल्या बायका तिच्यात बसेनात. वारा येतो, पदर उडतो, रस्त्यावरचा प्रत्येक माणूस पाहतो. म्हणून त्यांनी अण्णांना सांगितलं, "गिरदावरसाब, तुमची बंद गाडी मला द्या, माझी जीप तुम्ही घ्या. हिशेब बराबर. पाऊस लागायच्या आत सांगा."

पाऊस लागायच्या आत, याला अर्थ होता. अण्णांची जमीन वाटूरला. त्याच गावात त्यांच्या पत्नीची, आक्कांची, थोरली बहीण राहायची. ती एकटी आणि गुडघ्यांनी अधू. पावसाळ्यात काळ्या मातीचा असा चिखल होई की मोटार शिवेपाशीच रुतून बसे, आणि मग आक्कांना दिवाळीपर्यंत बहिणीचं तोंड दिसत नसे. गेल्या श्रावणात बहीण तापानं पडली तेव्हा आक्का बैलगाडीतून निघाल्या आणि गाडीचं चाक फसल्यावर अर्ध्या वाटेतून परत आल्या. तेव्हापासून त्या उठता बसता म्हणत, "त्या डबड्याचं काय करता ते करा. जीप चिखलातून बिलकुल जाती म्हणं."

अण्णांनी गल्लीतल्या प्रत्येकाचं मत घेतलं. सगळे म्हणाले, जीप घ्या. ते प्रत्येकाला म्हणत, "बराबर. पण चौदाच आणे झालं." शेवटी त्यांनी मला यादी करायला सांगितली. मी पानाच्या मधोमध रेघ मारली. जीपच्या बाजूला चिखल, शेतमाल, आक्कांची बहीण, इंजिन तापत नाही, सुटे भाग मिळतात, असं करत पान खाली भरत गेलं. मोटारीच्या बाजूला काय लिहू म्हणून विचारलं तर अण्णा मिशी ओढत म्हणाले, "काचा लिहा."

"काचा?"

"जीपला काचाच न्हाईत, बाई. समोर एक हाय, बाजूनं समदं उघडं."

"धुळीसाठी ना?"

"लिहा की धूळ."

मी धूळ लिहिलं. एवढ्या पानभर कारणांपुढे धूळ कशी टिकणार? जीपच घ्या, असं मी खाली स्वच्छ अक्षरात लिहून दिलं. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "आधी सुमीचं लगीन होऊ द्या."

सुमनचं लग्न वैशाखात झालं. निरोपाच्या वेळी ती रडली नाही. तिची आई रडली, आत्यामावश्या रडल्या, मीसुद्धा नाक पुसलं. सुमन हसत हसत सगळ्यांच्या पाया पडली. वरपक्षाकडची एक बाई ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "पोरगी लई धीट दिसती. माहेराचा लळा न्हाई वाटतं." मला राग आला, पण खरं सांगायचं तर सुमनचं मलाही नवल वाटलं. जिला पेन्सिल मोडली तरी रडू यायचं, ती ही.

पाठराखीण म्हणून मी तिच्याबरोबर निघाले. मागे आम्ही दोघी, पुढे अण्णांच्या शेजारी नवरदेव आणि त्याचे काका. निघताना अण्णांनी फिरकीचा तांब्या सुमनच्या मांडीवर ठेवला. "हे धर पोरी. इंजिनाचं पाणी हाय, सांडू देऊ नको." मग त्यांनी मागच्या काचा वर केल्या. आम्ही सगळे अनवाणी बसलो होतो.

बदनापूर दिसायला लागलं आणि मोटार थांबली. माझ्या यादीतला मुद्दा खरा झाला म्हणून मला थोडं बरंही वाटलं. अण्णा उतरले, बॉनेट वर केलं आणि हाक मारली, "जावईबापू, काकासाहेब, जल्दी या, हात लावा." दोघं उतरून बॉनेट धरून उभे राहिले. वर उचललेल्या त्या काळ्या पत्र्यानं समोरची काच पूर्ण झाकली गेली. बाजूच्या काचा बंद होत्या. मागून येणारी वऱ्हाडाची लॉरी अजून दूर होती.

सुमननं माझ्याकडे पाहिलं आणि ती रडायला लागली. आधी आवाज नव्हता, मग होता. माझ्या खांद्यात तोंड खुपसून ती लहानपणी रडायची तशी, हुंदके देऊन, नाक ओढत रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पाय जरा लांब केला तर पुढच्या सीटखालून काहीतरी घरंगळत माझ्या टाचेला लागलं. पाहिलं तर एक लोखंडी दांडी होती. एका टोकाला आकडा, कुठेही न वाकलेली, तेल लावून पुसलेली.

मला वस्तू जागच्या जागी लागतात. बॉनेटची हरवलेली दांडी सापडली म्हणून मी सुमनला सीटला टेकवून लगेच खाली उतरले. पुढे नवरदेव आणि काका घामाघूम होऊन पत्रा धरून होते. अण्णा इंजिनापाशी नव्हतेच. रस्त्याच्या कडेला कडुलिंबाचं एक कोवळं झाड होतं. त्या उजाड रस्त्यावर तेवढंच एक हिरवंगार दिसत होतं. अण्णा डब्यानं त्याला पाणी घालत होते.

"अण्णा, ही दांडी."

त्यांनी दांडीकडे पाहिलं, मग पुढच्या दोघांकडे. हळू आवाजात म्हणाले, "जिथली तिथं ठिवा, बाई." मग मोटारीकडे मान करून विचारलं, "आतलं झालं का?"

"अजून नाही."

"मंग इंजिनबी अजून गरम हाय."

मी उभी राहिले. त्यांनी उरलेलं पाणी झाडाच्या बुडाशी सावकाश ओतलं आणि झाडाकडेच पाहत बोलले.

"आमची कमल लग्न होऊन गेल्ती तव्हा मोटार कुठं होती? सर्व्हिस मोटारीनं गेल्ती, वऱ्हाडाच्या मधोमध बसून. हसत गेल्ती. म्या आक्काला म्हणलं, पोर खुश हाय, सोळा आणे. पहिल्या सणाला आल्ती तव्हा म्हणली, अण्णा, रडायला जागाच न्हवती." त्यांनी डबा उपडा करून झटकला. "तव्हापासून मी सोळा आणे म्हणत न्हाई."

मी परत आत गेले, दांडी सीटखाली सरकवली. सुमननं तांब्याची फिरकी उघडून ओंजळीनं तोंड धुतलं. पाणी गार होतं, त्याला वाळ्याचा वास होता. तिनं पदरानं चेहरा पुसला, कुंकू नीट आहे का विचारलं. मी काचेवर टकटक केली आणि इंजिन निवलं.

पाठराखणीचे दिवस संपवून मी बदनापूरहून रेल्वेनं घरी परतले, तर अण्णांच्या अंगणात जीप उभी. मोतीलालजी बाजेवर बसले होते. मोटार नीट आहे की नाही ते पाहायला त्यांनी ती घेऊन आपल्या ड्रायव्हरला भर दुपारी बदनापूरपर्यंत पाठवलं होतं; सौद्याची गोष्ट म्हणून अण्णांना नाही म्हणता आलं नव्हतं. जाऊन आला. इंजिन तापलं नव्हतं.

"गिरदावरसाब, गाडी तर फर्स्ट क्लास आहे," मोतीलालजी म्हणाले. "मग तुमच्याच हातात कशी तापते?"

अण्णा मिशी ओढत राहिले. कारण सांगितलं असतं तर त्या दिवसापासून प्रत्येक वरमाय मोटार थांबली की आत डोकावून पाहू लागली असती. आणि न सांगावं तर मोटार आजच हातची जाणार होती. मोतीलालजींनी आक्कांना विचारलं. आक्का ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. जीपपासून हातभर अंतरावर बसल्या होत्या आणि सुपातून मान वर करत नव्हत्या.

"मला मोटारीतलं काय कळतं?" त्या म्हणाल्या. "बाई परवाच बसून गेल्त्या. त्यांना इचारा."

"हां, बाईंना विचारू," मोतीलालजी म्हणाले. "बाई खोटं बोलणार नाहीत."

शाळेत मी मुलींना ज्या आवाजात सूचना देते त्याच आवाजात सांगितलं, "मोटार तापते. माझ्यासमोर तापली. दोन माणसं बॉनेट धरून उभी होती आणि तरी बराच वेळ इंजिन निवत नव्हतं. तुमच्या बायका घेऊन भर रस्त्यात अडकाल."

मोतीलालजींनी माझ्याकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं आणि पगडी सारखी केली. "चला, वेळेवर कळलं," असं म्हणून ते जीपमध्ये बसले. जीप गल्लीतून बाहेर गेली, तेव्हा तिच्या उघड्या बाजूंमधून त्यांचे दोन्ही गुडघे आणि धोतराचा सोगा सगळ्यांना दिसत होता.

अण्णांनी खिशातून माझी यादी काढली, उलटी केली आणि कोऱ्या बाजूनं मोटारीची काच पुसायला घेतली. मी ओसरीवर आक्कांपाशी गेले. पाऊस तोंडावर आला होता आणि वाटूरचा रस्ता तोच होता.

आक्का सूप बाजूला ठेवून उठल्या. फिरकीचा तांब्या घेतला, घासून लखलखीत केला, तोंडावर फडकं धरलं आणि प्यायच्या माठातलं पाणी गाळून त्यात ओतलं. मग कोनाड्यातल्या पुडीतून वाळ्याच्या दोन काड्या काढून आत टाकल्या.

"आज कशाला?" मी विचारलं.

"उद्या मागच्या आळीची गोदी जाऊन राह्यली की. परतूरला दिलीय."

"पण आक्का, इंजिनाला गाळलेलं पाणी लागतं?"

"लागतं," आक्का म्हणाल्या आणि फिरकी घट्ट बसवली.