गढूळ पाण्यातले गिऱ्हाईक

गुरुवारी सकाळी साडेसातला हार्लन टटल बोट पाण्यात उतरवून गिऱ्हाइकाची वाट पाहत उभा होता आणि मनातल्या मनात माफीचे भाषण जुळवत होता. चार दिवसांच्या पावसाने गॅस्कोनेड नदीचा रंग दुधाळ कॉफीसारखा झाला होता. पाण्यात हात घातला तर मनगटाच्या खाली काही दिसत नव्हते. असल्या पाण्यात बास मासा शोधून द्यायचा म्हणजे हार्लनसारख्या मासेमारीच्या गाईडची परीक्षा. त्यातून आजचे गिऱ्हाईक, ओस्टरमन नावाचे निवृत्त दंतवैद्य, सेंट लुईसहून पहिल्यांदाच येत होते. ओळख फक्त पत्राने झालेली. या दरीत फोन लागत नाही.

तेवढ्यात एक निळा ट्रक येऊन थांबला. त्यातून पस्तिशीचा एक उंच माणूस उतरला आणि थेट बोटीकडे पाहू लागला. दंतवैद्य फारच लवकर निवृत्त झालेला दिसतो, असे हार्लनला वाटले. पण शहरात काय, काहीही होते.

"बोटीसाठीच आलात ना?" त्याने विचारले.

"बोटीसाठीच," तो माणूस म्हणाला. "एक चक्कर मारता येईल का?"

"चक्कर कसली, साहेब? दुपारपर्यंत फिरवतो. बसा."

त्या माणसाचे नाव होते डेन्टन प्रुइट. एवढे आतिथ्य पाहून तो जरा चकित झाला, पण बसला. हार्लन पाठमोरा होऊन इंजिन सुरू करत होता. प्रुइटने बोटीच्या कडेवर थाप मारली.

"किती वर्षं झाली?"

"एकसष्ट."

प्रुइटचा हात कडेवरच राहिला. "दिसत नाही तसं."

"सगळेच म्हणतात," हार्लन खूश होऊन म्हणाला. "फक्त गारठ्यात सकाळी जरा कुरकुर होते. पोटात गरम काहीतरी गेलं, की मग दिवसभर बघायला नको."

प्रुइटने खिशातून छोटी वही काढली आणि काहीतरी लिहिले. शिकायची एवढी हौस असलेले गिऱ्हाईक हार्लनला वर्षानुवर्षांत मिळाले नव्हते. त्याची जीभ सुटली. ती तशी बांधलेली कधीच नसायची.

"हे पाणी बघून घाबरू नका," तो म्हणाला. "असल्या पाण्यात मासा मध्ये थांबत नाही. धारेला कंटाळून काठाला येतो, बुडालेल्या झुडपांत, खडकाच्या आडोशाला. आपणही काठाकाठानं जायचं. आता हा समोरचा खडक दिसत नाहीये ना? मला माहितीये तो कुठंय. तीनदा घासलीय बोट त्याच्यावर."

"तीनदा?" प्रुइटने लिहिले.

"एकदा तर तळाला चीर गेली होती. मीच बुजवली. आणि ही मागून डावीकडे ओढते, बघा. नवख्याच्या हातात दिली तर सरळ झाडात नेईल. हात बसलेला लागतो."

प्रुइट लिहीतच होता. त्याने आयुष्यात बरीच जुनी वाहने विकत घेतली होती, पण असा विकणारा त्याला भेटला नव्हता. या माणसाला विकायचे तरी आहे की नाही, अशी शंका त्याला येऊ लागली. आणि एवढा प्रामाणिक माणूस पुन्हा मिळणार नाही, असेही वाटू लागले.

बुडालेल्या झुडपांपाशी हार्लनने बोट थांबवली आणि त्याच्या हातात गळाची काठी दिली. गळाला काळे, भलेमोठे नकली आमिष होते. आत मणी खुळखुळत होते.

"मी कधी मासे धरलेले नाहीत," प्रुइट म्हणाला.

"मग आज धरा. दिसत नसलं तरी माशाला ऐकू येतं. झुडपाला चिकटून टाका आणि हळू ओढा. अजून हळू. सासऱ्याला जिन्यावरून खाली आणताय असं समजा."

दोन तास काही झाले नाही. हार्लन मात्र बोलत होता. मग काठी वाकली. प्रुइट उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला, आणि शेवटी हातभर लांबीचा तपकिरी बास बोटीत आला. प्रुइटने माशाकडे पाहिले, बोटीकडे पाहिले, हार्लनकडे पाहिले.

"ठरलं," तो म्हणाला. "घेतो मी."

"घेता येत नाही हो. मेअखेरपर्यंत सोडून द्यावा लागतो. नियम आहे."

"मासा नाही. बोट."

हार्लनने मासा पाण्यात सोडला. हात पुसले. "कुठली बोट?"

प्रुइटने वहीतून एक कार्ड काढून दिले. पशुखाद्याच्या दुकानातल्या फळ्यावरून त्याने ते आणले होते. अक्षर व्हर्नाचे होते, म्हणजे हार्लनच्या बायकोचे. छत्तीस वर्षे सामानाच्या यादीत पाहिलेले तेच गोल अक्षर. 'बोट विकणे आहे. इंजिनासह. गुरुवारी सकाळी धक्क्यावर पाहता येईल. कारण, मालक निवृत्त होत आहेत.'

स्वतःच्या निवृत्तीची बातमी हार्लनने दोनदा वाचली. नदीच्या मधोमध, एका अनोळखी माणसासमोर, आपण संपलो असे त्याला कळत होते.

"म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं?" प्रुइटने हळूच विचारले.

"तुम्ही दंतवैद्य नाही?" हार्लन म्हणाला.

परतीच्या वाटेवर हार्लनने बोट धक्क्यावर न नेता सरळ घरामागच्या काठाला लावली. व्हर्नाला काय काय ऐकवायचे, ते त्याने वाटेत पाठ केले होते.

पण काठावर त्याला दुसराच धक्का बसला. घरामागच्या झऱ्याचे स्वच्छ पाणी जिथे गढूळ नदीला मिळते, तिथे पांढऱ्या केसांचा एक गृहस्थ हार्लनचेच रबरी बूट घालून गुडघाभर पाण्यात उभा होता. शेजारी व्हर्ना जाळे घेऊन. जाळ्यात मासा होता, आणि तो प्रुइटच्या माशाहून मोठा होता.

"हा सहावा," व्हर्ना म्हणाली. "हे ओस्टरमन साहेब. सेंट लुईसकडचा खालचा रस्ता पाण्याखाली गेलाय, म्हणून वळसा घालून घरी आले. मग माझ्या लक्षात आलं, तुझ्या बोटीत कोण असणार ते. पण तुला कळवणार कसं? आणि यांना दिवसभर घरात काय बसवून ठेवायचं?"

"तू मासे कधीपासून शोधायला लागलीस?"

"शोधायचं काय त्यात? नदी गढूळ झाली की ते इथं स्वच्छ पाण्याच्या कडेला येतात. दर वर्षी. तुला दोनदा सांगायला आले होते मी. तू बोलत होतास."

हार्लनने कार्ड पुढे केले. "आणि हे?"

व्हर्नाने मासा सोडला. जाळे खाली ठेवले. "दर वसंतात म्हणतोस, हे शेवटचं वर्ष. सात वर्षं ऐकतेय. मागच्या एप्रिलला पूर आला तेव्हा तू दीड तास उशिरा आलास. मी इथंच उभी होते, हार्लन. याच दगडावर."

यावर पाठ केलेल्या वाक्यांतले एकही बसत नव्हते.

प्रुइटने घसा साफ केला. "बोटीचं म्हणाल तर, काकांनी मला तिच्याबद्दल इतकं खरं सांगितलंय, की आता घ्यायचा धीर होत नाही." मग तो व्हर्नाकडे वळला. "पण बाई, शनिवारी तुम्ही मोकळ्या आहात का?"

"शनिवार मी घेतलाय," ओस्टरमन पाण्यातून म्हणाले. "चालणार असेल तर बरोबर या."

पाहुणे गेल्यावर दोघे स्वयंपाकघरात बसले. व्हर्नाने कार्ड फाडून चुलीत टाकले. हार्लनने ते जळताना पाहिले.

"शनिवारी दोघं येणार," ती म्हणाली. "जाळं, डबे, काठ्या, मला एकटीला झेपायचं नाही."

"किती वाजता येऊ?"

"साडेसहाला," व्हर्ना म्हणाली. "आणि फार बोलू नकोस. मासे बिचकतात."