वात वळून दाखवा

यवतमाळच्या आमच्या डॉक्टर वऱ्हाडपांड्यांसमोर नुसतं 'बरं आहे' म्हणून बघा. माणूस ताडकन खुर्चीतून उठतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि तुम्ही त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असाव्यात तसा तुमच्याकडे बघतो. "बरं म्हणजे काय? किलो की मीटर?" मान आणि मणक्याचे सर्जन. हात सोन्याचा, तोंड जिल्ह्यात बदनाम. 'कसं वाटतं?' हा जगातला कुठलाही डॉक्टर विचारतो तो साधा प्रश्न हे विचारतच नाहीत.

मी बाभुळगावच्या शाळेत शिकवते. आमच्या ह्यांच्या स्कूटरवर मागं बसून येत होते. समोरून कापसानं लादलेला मेटॅडोर आला, रस्ता बापाचा असल्यासारखा. स्कूटर खड्ड्यात आणि मी मानेवर. हातापायांतलं बळच गेलं. वऱ्हाडपांड्यांनी ऑपरेशन केलं आणि मी चालायला लागले. खोटं कशाला बोलू, आज उभी आहे ती त्यांच्यामुळे. पण त्यानंतर त्यांनी माझा जो छळ मांडला, त्याचा संताप माझ्या मनातून अजून जात नाही.

त्यांची तपासणीच जगावेगळी. पुरुषाला सदऱ्याच्या गुंड्या लावायला सांगायच्या. शेतकऱ्यापुढे टेबलाच्या खणातलं वाळकं बोंड ठेवायचं, यातला कापूस वेचा. आणि बाई आली की पुढ्यात कापूस टाकायचा, वात वळून दाखवा. मग मुठी भराभर उघडायच्या, मिटायच्या. टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालायचं. दार लावायची पद्धत नाहीच, त्यामुळे बाहेरच्या बाकावरच्यांना फुकट तमाशा. वर खणखणीत आवाजात, "बाई, लघवीला घाई होते काय?" बाकावर माझ्या वर्गातल्या मुलीचे वडील बसलेले. धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

"अहो, जरा हळू तरी विचारा."

"हळू विचारलं की लोक हळूच खोटं बोलतात."

माझी वात ते खिडकीपाशी उजेडात धरायचे. "ही वात आहे की बोळा? कानात घाला." माझ्या सातवीच्या वर्गाला दुसरंच कुणीतरी शिकवत होतं. मला शाळेत रुजू व्हायचं होतं आणि हा माणूस फिट असल्याचा दाखला देईना. मी म्हटलं, मला खडू धरता येतो, फळ्यावर लिहिता येतं, वातीचं काय घेऊन बसलात? तर म्हणे, "खडू मुठीनंही धरता येतो. वातीला बोटं लागतात. बोटं मागं पडून राहिली तर मानेत काय चाललंय ते मले पाहा लागते."

एकदा वैतागून मी जाऊबाईंनी वळलेली वात पुढं केली. त्यांनी ती बघितली, मग माझी बोटं बघितली. "सुंदर. ही जिची आहे तिची मान ठणठणीत आहे, कळवा तिला. आता तुमची वळा." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

माझ्याच तपासणीच्या वारी फुलसावंगीकडच्या तांड्यावरचे धनसिंगभाऊ यायचे. लादलेल्या ट्रकवर बसून येताना पडले होते. आले की हात जोडून, "बरं हाये साहेब." आणि बोंडातला कापूस काही निघेना. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. भाव येईल म्हणून लोकांनी निजायच्या खोलीतसुद्धा कापूस भरून ठेवला होता. डॉक्टर कडाडले, "घरात कापूस दाबून ठेवला तसं दुखणंही दाबून ठेवून राह्यला काय? कायले खोटं बोलता?"

धनसिंगभाऊ खाली बघत म्हणाले, "तुमी येवढी मेहनत केली साहेब. बरं नाही वाटत, असं कोन्त्या तोंडानं सांगू तुमाले?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. चष्मा पुसला, परत पुसला. मग माझ्यावरच खेकसले, "काय पाहून राहिल्या? वात वळा." मी काय केलं होतं?

शेवटी एका रविवारी मी माझ्या हातानं वळलेल्या वाती डबीत भरल्या आणि तरातरा त्यांच्या घरी गेले. आज दाखला दिला नाही तर दारात बसते, असं ठरवूनच. घराचंही दार सताड उघडं. आत खाटेशेजारी डॉक्टर मांडी घालून बसलेले, मांडीवर कापूस, आणि वात वळताहेत. काय ती वात! माझ्या मणक्यापाशी शस्त्र चालवणाऱ्या हातांची वात अंगठ्याएवढी जाड. माझ्या ओठांवर आलंच होतं, ही वात आहे की बोळा? पण खाटेवर त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, पडून होत्या. दोन्ही हात चादरीवर ठेवल्यासारखे.

"या बाई, बसा. यांच्या वातींना हसू नका," वहिनीच हसल्या. "किती वर्षं झाली, जमत नाही ती नाहीच. मानेचंच दुखणं माझं. न्हाणीत पडले होते. हे रात्रंदिवस दवाखान्यात. घरी आले की विचारायचे, कसं वाटतं? मी म्हणायचे, बरं आहे. दमून आलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं? तिकडं देवापाशी माझ्या वाती रोज जाड होत चालल्या होत्या. हे त्याच दिव्याला हात जोडून कामावर जायचे."

डॉक्टर खाली मान घालून वळतच होते. डबी मी उघडलीच नाही. खाली बसले, त्यांच्या मांडीवरचा कापूस ओढून घेतला आणि वाती वळायला लागले. ते वातीकडं बघत नव्हते, माझ्या बोटांकडं बघत होते.

"उद्यापासून शाळेत जा," ते खेकसले. "दाखला सकाळी घेऊन जा."

मी दारात चपला घालत होते, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. "कसं वाटतं आज?"

"बरं आहे," वहिनी म्हणाल्या.

मी तशीच थांबले. आता कडाडतील म्हणून.

"बरं," डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या हातची वात घेऊन ते दिवा लावायला उठले.