हत्तीणमावशीच्या वाटेचं कुलूप

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी घड्याळ बांधून धावायचे. घड्याळं विकायचे कोल्हेसाहेब. प्राणी चालेल ती वाट घड्याळ साठवून ठेवायचं आणि पुढच्या वेळी बाण दाखवायचं. त्यामुळे वाटा लक्षात ठेवायचे कष्ट प्राण्यांनी सोडून दिले. प्रगत जंगल होतं ते.

मग कडक उन्हाळा आला. पाणवठ्यात चिखल उरला. हरणांची पाडसं ओली माती चाटू लागली.

डोंगरापलीकडे एक बारमाही झरा होता. तिथे फक्त हत्तीणमावशी जायची, आणि मावशी तर हिवाळ्यातच वारली होती. वाट तिच्या जुन्या घड्याळात होती. पण घड्याळाची काच फुटलेली, बाण बंद. आतली फाइल तेवढी निघाली. तिच्यात आकडेच आकडे! नव्या घड्याळात ती उघडेना.

"ते मॉडेल बंद झालं," कोल्हेसाहेब म्हणाले. "आणि आकड्यांचा अर्थ हे कंपनीचं गुपित आहे."

"गुपित म्हटल्यावर विषय संपला," अस्वलकाका म्हणाले. ते जंगलाचे अध्यक्ष. तहानेने बाहेर आलेली जीभ त्यांनी शिस्तीत आत घेतली.

ठिणगी नावाच्या खारीला मात्र पाडसांकडे बघवेना. तिने आजोबांचं तसलंच जुनं, बाण मोडलेलं घड्याळ कमरेला बांधलं. आधी ती दगडावर न हलता बसली. फाइलमध्ये तेच ते आकडे आले. मग ती उगवतीकडे धावली. पहिला आकडा बदलला, दुसरा हलला नाही. डोंगराकडे धावली, तर दुसरा बदलला. पण दोन्ही आकडे क्रमाने वाढायचे सोडून भलत्याच उड्या मारत होते. वैतागून तिने प्रत्येक आकडा उलटीकडून, शेवटच्या अंकापासून वाचला.

सगळे सरळ रांगेत आले.

कोल्हेसाहेबांचं महान गुपित एवढंच होतं. ठिणगीने मावशीची अख्खी वाट वाळूत काढली.

"अगं कार्टे, दुसऱ्याचं कुलूप फोडलंस!" अस्वलकाका गरजले.

"काका, घड्याळ कोणाचं?"

"मावशीचं."

"चाललं कोण?"

"मावशी."

"मग वाट कोल्ह्याची कशी?"

"मोठी झालीस की कळेल."

"तहानेने मेल्यावर मोठी कधी होऊ?"

ती पाडसांना घेऊन निघाली. मागून सगळं जंगल निघालं. "मी आपला पाय मोकळे करायला आलोय," अस्वलकाका वाटेत भेटेल त्याला सांगत होते.

झऱ्यावर सर्वांत आधी तोंड घातलं अस्वलकाकांनी. सर्वांत जास्त प्यायले कोल्हेसाहेब. मग ते ठिणगीला बाजूला घेऊन कुजबुजले, "आकडे वाचायचे कसे गं? ते लिहिणारं घुबड नोकरी सोडून गेलं. आमच्याच फायली आम्हाला उघडत नाहीत."

"तिकडे वडाच्या खोडावर कोरून ठेवलंय," ठिणगी म्हणाली. "सगळ्यांसाठी. तुम्हीही वाचा."

संध्याकाळी सभा भरली. जंगलाला वाट खुली करून दिल्याबद्दल कोल्हेसाहेबांना हार घातला. ठिणगीला समज दिली. अध्यक्षीय भाषण लांबलं, कारण अस्वलकाकांचा घसा आता ओला होता.

पाडसं मात्र भाषणाला नव्हती. ती वडाखाली उलटीकडून वाचायला शिकत होती.

तात्पर्य: मुलांनो, वडीलधाऱ्यांना न विचारता कुठलंही कुलूप उघडू नये. त्यांना तहान लागेपर्यंत थांबावं. मग ते कुलूप कधी नव्हतंच, असं तेच सांगतात.