इसाजीची भेंडी आणि काशिरामची चूक

गव्हाण गावात काशिराम आणि इसाजी यांच्या शेतांमध्ये एक काटेरी कुंपण होतं आणि काशिरामचा अर्धा दिवस त्यावरून पलीकडे बघण्यात जायचा. इसाजीच्या भेंडीला चार शेंगा जास्त लागल्या की याच्या पोटात दुखायचं. आणि ती मेली भेंडी दर वर्षी जास्तच लागायची.

२०१२ साली पनवेलच्या पद्मजा मॅडमनी बारा गावांतल्या सेंद्रिय शेतकऱ्यांना एकत्र आणून संशोधन मंडळ काढलं. प्रत्येकानं भेंडीचे दोन वाफे करायचे. एकाला मासळीची घाण आणि गूळ कुजवून केलेला अर्क घालायचा, दुसऱ्याला काही नाही. वाफ्यांवर पाट्या: ‘अर्क’ आणि ‘साधा’. माल मात्र दुसऱ्यानं तोलायचा. ज्याचा अर्काचा वाफा सर्वांत पुढे, तो दापोलीच्या शेतकरी मेळाव्यात स्टेजवर बोलणार.

काशिरामनं मेळाव्यासाठी सदराही शिवून घेतला. पण तोडणी जवळ आली आणि इसाजीचा अर्काचा वाफा कमरेच्या वर गेला. एका सकाळी इसाजी एसटीनं पनवेलला गेलेला पाहून काशिराम कुंपण ओलांडून गेला आणि त्यानं दोन्ही पाट्यांची अदलाबदल केली.

विहिरीवरून त्याची बायको भामा ओरडली, “अवो, तिकडं काय करताय?”

“पाटी वाकडी व्हती. सरळ केली.”

“दोनी?”

“शेजारी हाय तो आपला!”

पुढे इसाजीचा माल मंडळातल्या सोनाबाईनं तोलला आणि पाट्या बघून आकडे लिहिले. महिन्यानं पनवेलच्या हॉलमध्ये सभा भरली. इसाजी आला तो सोनेरी काड्यांचा नवा चष्मा लावून. काशिराम भामाच्या कानाशी लागला, “बघितलास चष्मा? मलापन पायजे.”

“तुमचे डोळे चांगले हायत.”

“त्याचे कंदी बिघडले?”

मॅडमनी आकडे वाचले. अर्काच्या वाफ्यात पहिला काशिराम! चारदोन टाळ्या पडल्या. “फक्त इसाजीकाकांकडे उलटं झालंय,” मॅडम म्हणाल्या. “अर्कापेक्षा साधा वाफा दुप्पट. हे कसं?”

इसाजी उठला. “सोनाबाईचा आकडा बरोबर हाय. चूक माझी. डोळे अधू झाले, अर्क मी सगळे दिवस चुकीच्या वाफ्यात ओतला. तोडणीच्या आधी पाटी नीट वाचली तवा ध्यानात आलं. म्हणून तर हा चष्मा केला. माझा आकडा काढून टाका.”

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पंख्यावरची कबुतरं उडाली. मॅडमही टाळ्या वाजवत म्हणाल्या, “संशोधनाला असाच माणूस लागतो! दापोलीला आधी इसाजीकाका आपली चूक सांगतील. काशिरामदादा, वेळ उरला तर तुमचे आकडे घेऊ.”

काशिरामचा तीळपापड झाला. पहिला नंबर आपला आणि टाळ्या त्याला? तेही कशासाठी, तर चुकीसाठी! आणि ती चूक तरी त्याची होती का? भामानं सदरा ओढला, पण तो उभा राहिलाच.

“खोटं हाय! इसाजीची काय चूक नाय. ती चूक माझी हाय! पाट्या मी बदलल्या!”

एवढं बोलून तो टाळ्यांसाठी थांबला. हॉलमध्ये कोणी हललं नाही. सोनाबाई तेवढी खोकली.

मॅडमनी आकडे खोडून पुन्हा लिहिले. पाट्या मूळ जागी धरल्यावर इसाजीचा अर्काचा वाफा बारा गावांत पहिला निघाला.

“म्हंजे माझे डोळे चांगले हायत?” इसाजी म्हणाला. त्यानं चष्मा काढला, काशिरामजवळ आला आणि त्याच्या हातात ठेवला. “घे. सकाळपासून बघत व्हतास. मला आता काय करायचाय?”

काशिरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण चष्मा त्यानं परत दिला नाही.

संध्याकाळी तो कुंपणाशी उभा राहून चष्मा लावून बघत होता. भामा मागून आली. “काय दिसतंय का?”

काशिरामनं मोठा सुस्कारा सोडला.

“त्याची भेंडी आनखीनच मोठी दिसतेय गं.”